नजीबाचा विलाप

गुरुवार म्हणजे खिचडी. तेल अवीवशेजारच्या रमत गनमध्ये बगदादहून आलेलं एखादं म्हातारं माणूस ज्या घरात असेल, त्या घरात गुरुवारी दुपारी लाल मसुरीची खिचडी शिजायचीच, वर लसूण-जिऱ्याची फोडणी आणि लोण्याचा गोळा. मुरादची बायको त्सिला जन्माने पोलंडची. तिच्या लेखी गुरुवार हा बुधवारनंतर येणारा एक वार, बाकी काही नाही. म्हणून बेचाळिशी आली तरी मुराद दर गुरुवारी आईकडे जेवायला जायचा. एखादा गुरुवार चुकलाच, तर आई, खातून, तीन दिवस टेलिफोनवर त्याच्याशी धड बोलायची नाही.

त्या गुरुवारी तिने त्याचं ताट वाढलं आणि स्वतःचं न वाढता समोर बसली.

"तू का नाही जेवत?"

"जेवीन. माझं काम आहे तुझ्याकडे. तू आधी खा."

"घास तोंडात असताना सांग, म्हणजे मला नाही म्हणता येणार नाही."

"हसू नकोस मेल्या. पुढच्या गुरुवारी नजीबाचा दिवस आहे."

मुरादने चमचा खाली ठेवला. नजीबा त्याची धाकटी बहीण. बगदादमध्ये सहा वर्षांची असताना विषमज्वराने गेली, त्याला आता तीस वर्षं झाली. तिचा दिवस आई पाळते हे त्याला माहीत होतं. पाण्याच्या पेल्यावर तेल ओतून वात लावायची, आणि दिवसभर स्वयंपाकघरात कोणाला येऊ द्यायचं नाही.

"मला तिचं येत नाही रे आता," खातून म्हणाली. "चार दिवस झाले. दोन ओळी येतात, पुढे काही नाही."

आता खातूनचा धंदा काय होता ते सांगायला हवं. बगदादच्या यहुदी मोहल्ल्यात कोणाच्या घरी मरण झालं की तिला बोलावणं यायचं. बायका भिंतीला टेकून बसायच्या, मधोमध खातून, आणि ती गेलेल्या माणसाचा विलाप म्हणायची. तो पाठ केलेला नसायचा, त्या माणसासाठी नवा बांधलेला असायचा. बायका मांडीवर हात मारून तिला साथ द्यायच्या. तिचा स्वतःचा एक नेम होता. एकाचा विलाप दुसऱ्यावर म्हणायचा नाही, आणि सुतकाचे सात दिवस संपले की त्याच माणसावरही पुन्हा म्हणायचा नाही. ज्याचं त्याच्याबरोबर गेलं, असं ती म्हणायची. शेजारपाजारच्या बायका मागे लागत, "खातून, माझ्या नवऱ्याचं पुन्हा एकदा म्हण ना," तरी ती बधायची नाही. सबंध आयुष्यात हा नेम तिने एकाच ठिकाणी मोडला. नजीबाचा विलाप ती दर वर्षी, त्या एका दिवशी, भांडं ढवळता ढवळता स्वतःशी म्हणायची.

इथे आल्यावर तिला कोणी बोलावलं नाही. इथल्या तरण्या मंडळींना रडायचं असलं तरी गप्प बसून रडायचं असतं. दोन वर्षांपूर्वी तिला झटका येऊन गेला. हात सुधारला, चालणं सुधारलं. शब्द मात्र कुठे कुठे गळून पडले. मिठाला साखर म्हणायची, आणि वर चिडायची.

"कुठल्या दोन ओळी येतात?" मुरादने विचारलं.

खातूनने डोळे मिटले. "ऊठ गं नजीबा, गच्चीवर ऊन आलं. अंथरूण तुझं तसंच, कोण गुंडाळणार?" एवढं म्हणून ती थांबली. "बघ. भिंत. पलीकडे आहे ते मला कळतंय, पण दार सापडत नाही."

"आई, एवढं काय त्यात. आठवेल."

"नाही आठवणार. मला माझं डोकं ठाऊक आहे. पण तुला येतं." ती पुढे वाकली. "तू होतास तिथे. रांजणामागे लपला होतास, मला दिसत होतं. पुरुषाच्या जातीला तिथे मज्जाव, पण मी म्हटलं, असू दे, बहीण गेलीय त्याची. पुढे इथे आल्यावर निर्वासितांच्या छावणीत तुला ताप आला होता, तेव्हा तापात तू सगळं बडबडलास. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक शब्द चुकला नाहीस. मी तंबूत तुझ्या उशाशी बसून ऐकलंय."

"हो, येतं ना मला."

"मग म्हण की आत्ता."

"आत्ता खिचडी गार होतेय. पुढच्या गुरुवारी, तिच्या दिवशी म्हणतो. नीट."

खातूनने त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. "माझी सगळी वर्षं तुला लागोत," ती म्हणाली आणि उठून स्वतःचं ताट वाढून घेतलं. दोन वेळा वाढून घेतलं.

मुराद खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याला खरंच वाटत होतं की येतं. नुसतं येत नव्हतं, छापलेलं होतं! त्याचं चौथं पुस्तक, 'रिकामं अंगण', पान एकशे बारा. बगदादमधली एक आई आपल्या मेलेल्या मुलीवर विलाप करते, असा दीड पानांचा मजकूर. त्या दीड पानांनी त्याला नाव मिळवून दिलं. हिब्रूत असा आवाज आजवर उमटलाच नव्हता, असं एका मोठ्या समीक्षकाने लिहिलं. शाळेच्या पुस्तकात तो उतारा लागला. तेल अवीवच्या सभागृहात त्याने तो वाचला, तेव्हा लोक उभे राहिले. पहिल्या रांगेत खातून बसली होती, तिच्या एकुलत्या एक रेशमी पोशाखात. भाजी घासाघीस करून घेण्यापुरती तिची हिब्रू, तिला काय कळणार? पण लेकासाठी सगळे उठले म्हणून तीही उठली आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत राहिली. कशाला टाळ्या वाजवतेय हे तिला त्याने सांगितलं नाही.

घरी येऊन त्याने पुस्तक उघडलं, कोरा कागद घेतला आणि विलाप अरबीत उतरवायला बसला. बगदादच्या यहुद्यांची ती घरातली अरबी, आईची. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसऱ्या ओळीला त्याच्या डोक्यात हिब्रू उभी राहिली. ती बाजूला सारून तो मागे बघायला गेला, तर मागे काही नव्हतं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा दोन ओळी. आईच्या होत्या त्याच दोन, जास्तीचा एक शब्द नाही.

आधी तो चिडला, मग घाबरला. चहा करून आला आणि पुन्हा बसला.

भाषा सोडायची म्हणून त्यानेच सोडली होती, त्याला कोणी बळजबरी केली नव्हती. बगदाद सोडलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि एका मासिकात त्याच्या दोन गोष्टी छापून आल्या होत्या. एक पेटी, माघारी न येण्याच्या कागदावर सही, आणि विमान. छावणीच्या तंबूत त्याने आणखी दोन वर्षं अरबीत लिहिलं. एका संपादकाला दाखवायला गेला, तर तो चांगला माणूस, वाचून म्हणाला, "सुंदर आहे. पण इथे हे वाचणार कोण? आणि सीमेपलीकडे अरब देशांत तुझं छापणार कोण?" त्या दिवशी मुरादने ठरवलं की सोडायची तर पुरती सोडायची. कोश घेऊन बसला. पाढेसुद्धा नव्याने हिब्रूत पाठ केले, कारण हिशेब करताना तोंडात जुने आकडे यायचे. सात वर्षं लागली. आठव्या वर्षी त्याचं पहिलं पुस्तक आलं, मुखपृष्ठावर मोर्दखाय असं नवं नाव. अरबी त्याने आईपुरती ठेवली: गुडघा कसा आहे, औषध घेतलंस का, आज काय केलंयस. त्याला स्वतःचा अभिमान वाटायचा, आणि खरं सांगायचं तर मेहनत होतीच तशी.

रविवारी तो तोयाकडे गेला. तोया ही आईची बगदादपासूनची मैत्रीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. खातूनच्या विलापांना साथ देणाऱ्या बायकांपैकी ती एकटीच उरली होती. तो गेला तेव्हा ती आणखी तिघींबरोबर पत्ते खेळत होती.

"अगं बाई, लेखकराव! रस्ता चुकलात वाटतं?" तोयाने हातातल्या पत्त्यांवरून मान वर केली नाही. "बस. साखर टाकून घे चहात, बायको घालत नसेल."

"तोया मावशी, एक विचारायचं होतं. नजीबा गेली तेव्हा आईने जो विलाप केला…"

चौघींचे हात थांबले.

"तो तुला आठवतो का?"

"मी तिथे रडायला गेले होते की पाठ करायला?" तोया म्हणाली. "आम्ही बायका. रडून मोकळ्या झालो. कान लावून तू बसला होतास, रांजणामागे."

"एखादी ओळ तरी?"

तोयाने पत्ते उपडे ठेवले. "ओळ नाही येत. पण एक आठवतं. ती पोरीला रागावली होती."

"रागावली?"

"म्हणजे चांगली खडसावली! मेलेल्या पोरीला! आम्ही सगळ्या चूप. मी म्हटलं, हिचं डोकं फिरलं. जन्मभर विलाप केले हिने, कधी कोणाला वाकडा शब्द बोलली नाही. आणि ते रागावणं संपलं तेव्हा जो हंबरडा फुटला, बाबा रे, बाहेर अंगणात पुरुष होते ते आत धावत आले." तिने डोळे पुसले. "तसं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. माझा नवरा गेला तेव्हासुद्धा नाही."

"कशावरून रागावली?"

"ते तुला ठाऊक असणार. पुस्तकं तू लिहितोस ना आमच्यावर?" बाकीच्या तिघी हसल्या. "वाचायला आम्हाला येत नाही म्हणून तुझं बरं चाललंय."

तो बाहेर पडला तो थेट घरी गेला. कारण आईचं रागावणं त्यालाही आठवलं होतं. शब्द नव्हे, नुसता आवाज. एकशे बाराव्या पानावर ते रागावणं नव्हतं.

माळ्यावरच्या खोक्यात 'रिकाम्या अंगणा'चे सगळे खर्डे होते, सात. त्याने सगळ्यात जुना काढला. तोही हिब्रूतच. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि विलाप त्याला सबंध पाठ होता, ह्याबद्दल त्याला शंका नव्हती. विलापाच्या मध्यावर थोडी जागा सोडलेली होती आणि तिथे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'इथे आई रागावते. शब्द नंतर बघू.'

दुसऱ्या खर्ड्यात ती जागा तशीच होती आणि शेजारी त्सिलाने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आई मेलेल्या मुलीला का रागावते? वाचक दचकेल.' तिसऱ्या खर्ड्यात जागा उरली नव्हती. तिथे नदी आली होती, आणि नदीवर सोडलेला दिवा.

त्सिला शाळेत शिकवून आली तेव्हा तो जमिनीवर कागद पसरून बसलेला होता. त्याने तिला पेन्सिलीची ओळ दाखवली. तिने चष्मा लावून वाचली.

"मग? बरोबरच होतं माझं. दिवा जास्त चांगला आहे."

"ते माझं नव्हतं, त्सिला. आईचं होतं. ती खरंच तसं म्हणाली होती."

ती त्याच्याजवळ खाली बसली. "मला वाटलं तू रचलंयस. खरं आहे हे ठाऊक असतं तर मी हात लावला असता का?"

"मी सांगितलं नव्हतं तुला?"

"नाही. कधीच नाही. सभेत एका माणसाने विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं, तेव्हाही तू नुसता हसलास. मी शेजारी होते."

बिचारीचा काही दोष नव्हता. मुरादलाही ते कळत होतं आणि म्हणूनच त्याला जास्त लागलं. अरबीत ते दीड पान उतरवून ठेवायला त्याला किती वेळ लागला असता? दहा मिनिटं. पुस्तक लिहायला तीन वर्षं होती, त्यातली दहा मिनिटं. पण त्याला तेव्हा अरबी अक्षर कागदावर नको होतं. आधी हिब्रूत नीट बसू दे, मूळ कुठे पळून जातंय, असं त्याला वाटलं होतं. मग प्रत्येक खर्ड्यागणिक तो ती ओळ घासत गेला, आणि घासताना ओठांवर नवी ओळ घोळवत गेला, महिनोन् महिने. असं कोणी घोळवलं तर जुनी ओळ राहते थोडीच? एकोणीस वर्षं जी डोक्यात शाबूत होती, तापातही हलली नव्हती, ती त्याने टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने घालवली होती. त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. कोणावर ओरडणार?

गुरुवार आला. पेल्यावर वात तेवत होती. खातूनने आज रेशमी पोशाख घातला होता, आणि ते पाहून मुरादला दारातूनच परत फिरावंसं वाटलं. पण त्याने आठवडाभर खपून एक तयारी केली होती. पहिल्या दोन ओळी आईच्या, आणि पुढे पान एकशे बारा, अरबीत परत आणलेलं. न जाणो, एखादा शब्द जाऊन नेमका लागेल आणि आईचं दार उघडेल, अशी त्याला आशा होती.

"आधी म्हण," खातून म्हणाली. "जेवण मग."

तिने पाय मुडपून बसून उजवा हात मांडीवर ठेवला. मुरादने सुरुवात केली. पहिल्या दोन ओळींना तिचा हात मांडीवर पडला, पुन्हा पडला. तिसऱ्या ओळीला उचलला आणि तसाच राहिला. मुराद म्हणत गेला. नदीने दिवा नेला, पाणी उजळलं, अंधार आमच्या उंबऱ्याशी राहिला. खातून मान किंचित तिरकी करून, अगदी मन लावून ऐकत होती. शेवटपर्यंत तिने मध्ये तोंड घातलं नाही.

"छान आहे," ती म्हणाली. "कोणाची मुलगी होती ही?"

मुराद म्हणाला, "आपली नजीबा, आई."

"नाही रे. सुरुवात माझी आहे, पण पुढची ही कोणाची तरी फार शहाणी, गुणी पोर. हिच्या आईने हिला कधी मारलेलंसुद्धा दिसत नाही." तिने हात खाली घेतला, आणि मग त्याच्याकडे बघून तिचा चेहरा मऊ झाला. "तू विसरलास, होय ना? आणि मला वाईट वाटू नये म्हणून आणलंस काहीतरी जुळवून."

"हो. विसरलो."

"असू दे. बारा वर्षांचं पोर ते, किती लक्षात ठेवणार?"

ती त्याची पाठ थोपटत राहिली आणि त्याने थोपटू दिली. बाराव्या वर्षी नव्हे, एकतिसाव्या वर्षापर्यंतही मला येत होतं, हे त्याला सांगता आलं नाही.

"बरं, ऐक," थोड्या वेळाने ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात एकदम जुनी धमक आली. "गेलं ते गेलं. नवा बांधू. अजून एवढी म्हातारी नाही झाले मी. कोणाच्याही घरी गेले की आधी घरच्यांना विचारायचे मी, माणूस कसं होतं, काय खायचं, कशाला भ्यायचं. त्याशिवाय विलाप होतच नाही. माझं डोकं आता मला दगा देतं, पण तू आहेस ना? तू सांग, मी बांधते. सांग, नजीबा कशाला भ्यायची?"

"करकोच्यांना," मुराद लगेच म्हणाला. "घुमटावर घरटं होतं, त्या करकोच्यांना."

"करकोच्यांना?" खातूनने भुवया उंचावल्या. "ती तर त्यांना हाका मारायची गच्चीवरून. भ्यायचास तू. बरं, आणखी?"

"तिची ती लाल रिबीन. वेणीची."

"वेणी कुठली? उवांपायी केस कापलेले असायचे बाराही महिने." ती हसली, पण जरा सावधपणे. "नीट आठव, बाळा. घाई नाही."

मुरादने नीट आठवलं. एक गोष्ट त्याला अगदी पक्की ठाऊक होती. तो पेला, पितळेचा, त्याच्या हातात होता, आणि तिचे ओठ कोरडे होते.

"शेवटी तिने पाणी मागितलं. मी पाजलं तिला. दोन घोट."

खातूनने पेल्यातली वात सारखी केली.

"तू नव्हतास घरी, मुराद. तुला लागण होऊ नये म्हणून मामाकडे पाठवलं होतं. तू तिसऱ्या दिवशी आलास, ती गेल्यावर, मी विलापाला बसले होते तेव्हा. हे सगळं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, आई," तो म्हणाला. "मी लिहिलंय ते. पुस्तकात."

"लिहिलंस?" तिने डोळे बारीक करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं, कारण तिच्यानंतर नजीबाला आठवणारं घरातलं ते एकच डोकं होतं. "मग खरं कुठे ठेवलंस?"